पाण्यात बोंबील कुजतो, मग वहाण का नाही?

कार्तिकी एकादशीला साजगावच्या यात्रेला कधी गेला असाल, तर देवळाआधी वास भेटतो हे तुम्हाला ठाऊक असेल. सुके बोंबील, सुकट, वाकट्या यांचे ढीगच्या ढीग. इथल्या विठोबाला 'बोंबल्या विठोबा' म्हणतात ते याच बाजारामुळे. एकादशीच्या देवासमोर मासळीबाजार भरलेला बघून बाहेरचा माणूस चक्रावतो, आम्हा खोपोलीकरांना त्यात काही वाटत नाही. बोंबलांचा ढीग ओलांडला की खेळणी, भांडी, चपलांचे स्टॉल लागतात, आणि आत देवळात भजनाला पखवाज चालू असतो.

मी चामड्याच्या रसायनशास्त्रावर पीएचडी करते आहे. "म्हणजे नक्की काय करतेस?" असं घरी कुणी विचारलं की मी याच यात्रेतल्या तीन वस्तू पुढे करते: सुका बोंबील, पखवाजाची पुडी आणि कातडी वहाण. मनातल्या मनात तिन्ही दोन दिवस पाण्यात टाका. बोंबील फुगून मऊ पडेल आणि तिसऱ्या दिवशी घराबाहेर काढावा लागेल. पुडी लिबलिबीत होईल, अजून काही दिवस ठेवली तर तीही कुजेल. वहाण मात्र भिजेल, फुगेल, थोडी रुसेल, पण सावलीत वाळवली की परत पायात घालता येईल. (कोल्हापुरी घालून पावसात फिरा असं मी म्हणत नाहीये हं! आतला कस धुपतो आणि बुरशी येते.)

पुडीही कातडंच आणि वहाणही कातडंच. मग फरक कशाने पडला?

आधी कातडं म्हणजे काय ते बघू. बाहेरचा पातळ थर आणि केस सोडले, तर जनावराच्या कातड्यात पाण्याखालोखाल असतं ते कोलॅजेन नावाचं प्रथिन. एक रेणू साधारण ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड, म्हणजे अगदी दोरा. त्यात हजारेक अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. तिपेडी वेणीच म्हणा ना. ही तीन पेडांची रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. त्या कामासाठी कोलॅजेनचे नमुने मिळाले ते शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून. जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या या चित्रामागे एक चर्म संस्था आहे, हे मला पीएचडीला लागेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

या वेण्या एकत्र येऊन तंतू होतात आणि तंतूंचं जाळं म्हणजे कातडं. जाळ्याच्या फटींत पाणी भरलेलं असतं. जिवाणूंना तेच हवं असतं: ओलावा, आणि चावायला मोकळं प्रथिन.

बोंबील टिकवायचा तर आपण त्यातला ओलावा काढतो. ताज्या बोंबलात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून तर तो वलांडीवर टांगून वाळवावा लागतो. पाणी गेलं, जिवाणू थांबले. पण प्रथिन तसंच राहिलं, फक्त उपाशी ठेवल्यासारखं. पाणी परत द्या, सगळं पुन्हा चालू. पखवाजाच्या पुडीचंही तेच. ती न कमावलेल्या, ताणून वाळवलेल्या कातड्याची असते. वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात, म्हणून ती कडक होते आणि वाजते. दमट हवेत तीच पुडी ओलावा पिऊन उतरते, मग गठ्ठे ठोकत बसावं लागतं. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकोटीवर का धरतात, तेही यावरून कळेल. म्हणजे पुडी ही, रसायनशास्त्राच्या नजरेने, बोंबलाची बहीण आहे.

वहाणेच्या बाबतीत आपण पाणी नुसतं काढत नाही. पाण्याच्या जागी दुसरं काहीतरी नेऊन बसवतो, जे तंतूंना धरून राहतं आणि नंतर पाणी आलं तरी सहज जागा सोडत नाही. याला मराठीत 'कमावणं' म्हणतात. शरीर कमावतात, तसंच कातडंही कमावतात. मला हा शब्द इंग्रजीतल्यापेक्षा जास्त आवडतो.

कमावण्याआधी केस काढावे लागतात. केस केराटिनचे, कातडं कोलॅजेनचं. दोन्ही प्रथिनंच, मग एक विरघळवायचं आणि दुसरं वाचवायचं कसं? केराटिनमध्ये गंधकाचे पूल ठासून भरलेले असतात, आपल्या मुख्य कोलॅजेनमध्ये ते नसतात. कारखान्यात चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड घालतात, ते नेमके हे पूल तोडतं. केस काढायच्या क्रीमचं रसायनही याच धर्तीचं, आणि तो विशिष्ट वास गंधकाचाच. पारंपरिक पद्धतीत नुसता चुना असतो, म्हणून दिवस जास्त लागतात. पण सल्फाइडच्या पाण्यात आम्ल मिसळलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. टाक्या साफ करायला उतरलेली माणसं या वायूने मेली आहेत. चामड्याच्या प्रदूषणाची चर्चा सगळी क्रोमभोवती फिरते, पण सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा मोठा वाटा या केस काढण्याच्या टप्प्याचाच असतो.

आता कमावणं. हिरडा चघळून बघा. तोंड आखडतं, जीभ कोरडी पडते. ती तुरट चव म्हणजे हिरड्यातली टॅनिनं तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसवतायत. तोंडात अगदी छोट्या प्रमाणावर कातडं कमावणंच चाललेलं असतं म्हणा. टॅनिनच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट भरपूर असतात. प्रत्येक गट कोलॅजेनशी एक हायड्रोजन बंध करतो. एकेक बंध कमकुवत, पण शेकड्यांनी झाले की तंतू घट्ट बांधले जातात आणि जिवाणूंच्या विकरांना चावायला जागा उरत नाही.

घरी करून बघायचं असेल तर किराणा दुकानातलं जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवा. जिलेटिन म्हणजे उकळून पीळ सुटलेलं कोलॅजेन. त्यात हिरड्याचा गाळलेला गार काढा थेंब थेंब घाला. पाणी गढूळ होऊन साका खाली बसेल. उरलेल्या काढ्यात गंजका खिळा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी पाणी काळं. लोखंड आणि टॅनिन मिळून हा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई अशीच बनायची. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर लोखंडाचे काळे डाग पडतात, तेही म्हणूनच.

हिरडा आपल्याकडे माथेरान-भीमाशंकरच्या रानात आहेच, पण त्याचा चामड्याशी संबंध बघायचा तर कोल्हापूरकडे जावं लागेल. कोल्हापुरी वहाणेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. चुन्यातून काढून साफ केलेलं कातडं पखालीसारखं शिवून टांगतात, आत साल, हिरडा आणि पाणी भरतात. पाणी हळूहळू झिरपतं, खाली गोळा झालेलं परत वर ओततात, मग पिशवी उलटी करून तेच पुन्हा. टॅनिनचा रेणू मोठा, जाड कातड्यात आत शिरायला त्याला वेळ हवा, शिवाय बाहेरचाच थर आधी घट्ट झाला तर आतला कच्चाच राहतो. कातडं आरपार झिरपवत ठेवणं हे त्यावरचं उत्तर आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केलं. ज्यांना हे ज्ञान होतं त्यांना गावाने त्या कामापायीच वेशीबाहेर ठेवलं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. मानांकनाच्या बातम्यांत वहाण करणारा थोडाफार दिसला, कातडं कमावणारा जवळजवळ नाहीच.

दुसरी पद्धत क्रोमची. १८८४ मध्ये ऑगस्ट शुल्ट्झ यांनी अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. आज जगातलं ८० टक्क्यांच्या आसपास चामडं असं कमावतात. कातडं आधी मीठ आणि आम्लात ठेवतात. आम्लामुळे कोलॅजेनचे कार्बोक्सिल गट 'झाकले' जातात, त्यामुळे क्रोमियम लगेच चिकटत नाही, निवांत आतपर्यंत शिरतं. मग आम्लता हळूहळू कमी करायची, गट मोकळे होतात आणि क्रोमियम त्यांना पक्कं धरतं. कोल्हापुरी पिशवीसमोर जो प्रश्न होता तोच हा, आधी आत शिरायचं आणि मग धरायचं, फक्त इथे तो दिवसाभरात सुटतो. चामडं निळसर निघतं.

कोणती पकड किती घट्ट, हे आम्ही तापवून मोजतो. पाण्यात गरम करत गेलं की एका तापमानाला वेणीचा पीळ सुटतो आणि तुकडा आक्रसतो. कच्चं कातडं ६०-६५ अंशांना, झाडाच्या सालीत कमावलेलं साधारण ७० ते ८५ च्या दरम्यान. क्रोमचं चांगलं चामडं उकळत्या पाण्यातही आक्रसत नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी तोच प्रयोग तीनदा केला होता!

मग अडचण कुठे आहे? जुन्या पद्धतीत टाकलेल्या क्रोमपैकी ३० ते ४० टक्के कातड्यात जातच नाही, पाण्यात राहतो. पाताळगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला 'पाण्यात राहतो' एवढं ऐकलं तरी पुरतं. एक टन कच्च्या कातड्याला ३०-४० हजार लिटर पाणी लागतं आणि तयार चामडं निघतं २०० किलोच्या आसपास.

इथे एक गोंधळ मात्र काढून टाकू. चामड्यात असतो तो तीन संयुजेचा क्रोमियम, तो तुलनेने सौम्य. कर्करोगाशी जोडला जातो तो सहा संयुजेचा. अडचण अशी की पहिल्याचा दुसरा होऊ शकतो: फार उष्णता, अतिनील प्रकाश, किंवा चामडं मऊ ठेवायला वापरलेली काही तेलं यामुळे. युरोपने मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत सहा संयुजेच्या क्रोमला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. माझं काम चामडं तासताना निघणाऱ्या क्रोमयुक्त भुशावर आहे. हा भुसा उघड्यावर जाळला तर राखेत नेमका तो सहावाला तयार होतो, म्हणून जाळण्याआधी क्रोम सोडवून घ्यायचा. गंमत म्हणजे क्रोमच्या चामड्याला शेवटी झाडाच्या टॅनिनचा हात दिला, तर सहा संयुजेचा क्रोम कमी बनतो. टॅनिन स्वतः ऑक्सिडीभूत होऊन त्याला अडवतं.

म्हणून 'क्रोम वाईट, हिरडा चांगला' असं विचारलं की मी हो म्हणत नाही. हिरडा-बाभळीचं तपकिरी पाणीही नदीत सोडलं तर सहज विघटन होत नाही. पण पायाच्या वहाणेला उकळतं पाणी कधी सोसावं लागतं? जिथे ८० अंश पुरेत, तिथे १०० अंशांची किंमत नदीने का द्यावी, असं माझं मत.

रंगाबद्दल थोडक्यात. क्रोमच्या चामड्यावर धनभार जास्त, म्हणून ऋणभाराचे रंग त्याला ओढीने चिकटतात आणि खुलतात. टॅनिनने ती जागा आधीच अडवलेली असते, म्हणून कोल्हापुरीवर रंग मंद बसतो. काही ॲझो रंग तुटून घातक अमाइन देतात. १९९४ मध्ये जर्मनीने ते बंद केले तेव्हा आपल्या निर्यातदारांची धावपळ झाली, आणि त्यानंतर भारतानेही त्यांवर बंदी घातली.

यात्रेत वहाण घ्याल तेव्हा कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी असेल तर बहुधा साल-हिरड्याची, राखाडी-निळसर झाक असेल तर क्रोमची. आणि ती भिजली तर चुलीजवळ ठेवू नका. आक्रसण्याचं ते तापमान ओल्या चामड्याचं आहे, चुलीच्या कडेला ७०-८० अंश सहज होतात. सावलीत वाळवा, थोडी ओलसर असतानाच तेलाचं बोट फिरवा. तेल तंतूंच्या मधे बसतं, म्हणून वाळताना ते एकमेकांना चिकटत नाहीत. नाहीतर वहाणेची पुडी व्हायला वेळ लागत नाही.