घरटी पाहण्याची दीडशे वर्षे

मावळातला विणीचा हंगाम पावसाने दुभागलेला असतो. टिटवी उन्हाळ्यातच उघड्या माळावर खडे जमवून त्यांत बहुधा चार अंडी घालते. शिपाई बुलबुलही पावसाआधी कुंपणाच्या झुडपात वाटीसारखे घरटे बांधून मोकळा होतो. शीळकरी कस्तूर मात्र ओढे वाहू लागले की काठच्या ओल्या कपारीत मुळ्या, शेवाळ आणि चिखल यांचे घरटे रचतो, आणि सुगरणींच्या वसाहती भात-गवताची पाती उंचावल्यावर गजबजतात. कुसगाव-लोणावळ्याच्या टापूत वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. इथे हे चारही पक्षी गावाच्या आसपास दिसतात. घरटे कसे पाहावे ही समज मात्र सहजासहजी आलेली नाही.

भारतातल्या घरट्यांची पहिली मोठी नोंद ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केली. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवून त्यांनी १८७३ पासून भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवर ग्रंथ छापला. १८८५ मध्ये त्यांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. त्यात हजारो अंडीही होती. अंड्याला भोक पाडायचे, आतला गर काढायचा आणि कवच पेटीत जपायचे, ही त्या काळची सर्वमान्य रीत. रंग, आकार, महिना, ठिकाण यांची मोलाची माहिती तिच्यातून मिळाली. पण अंडी उचलली की त्या घरट्याची गोष्ट तिथेच संपायची. नर काय करतो, मादी काय करते, पिल्ले किती जगतात, हे पेटीतल्या कवचावरून कळणे शक्यच नव्हते. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकामुळे हौशी निरीक्षकांना लिहायला जागा मिळाली, तरी अंडी जमवण्याचा प्रघात १९३०च्या दशकापर्यंत टिकला.

खरे वळण मिळाले ते कोकणात. जर्मनीत शिकून परतलेल्या सालिम अली यांना १९३० मध्ये नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून राहिले. त्यांनी जे पाहिले त्याने जुनी समजूत उलटली. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने सुगरणीचा खोपा मराठी घराघरांत पोहोचवला आहे, आणि तो खोपा पिल्लांसाठी आईने विणलेला आहे. प्रत्यक्षात विणकाम नराचे. गवताच्या किंवा भाताच्या पात्याला तो बुडाशी चोचीने खाच पाडतो, कड पकडून उडतो, आणि लांबच लांब धांदोटी सोलून निघते. अशा शेकडो धांदोट्यांच्या गाठी आणि वेढे घालत खोपा शिरस्त्राणाच्या आकाराचा झाला की काम थांबते. नर खाली लोंबकळत पंख फडफडवतो, माद्या येऊन खोपे तपासतात. एखादीला खोपा पसंत पडला तरच नर खालची नळी पुरी करतो. आतले अस्तर मादी घालते, अंडीही तीच उबवते. नर तोवर त्याच झाडावर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका नराच्या अनेक माद्या असतात, हा या निरीक्षणाचा गाभा. तो लेख १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यासाठी लागले होते ते फक्त एक वसतीचे झाड आणि चिकाटी. सालिम अलींचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणींचा हा अभ्यास पुढे नेला.

अंडी उचलण्याऐवजी घरटे पाहण्याच्या या बदलाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बळ दिले. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना उपद्रव देणेही येते. पुढे मराठी वाचकाला पक्ष्यांची ओढ लावली ती मारुती चितमपल्ली यांनी. त्यांच्या ५ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापर्यंत महाराष्ट्र पक्षी सप्ताह पाळतो.

या काळात कुसगावही बदलले. द्रुतगती मार्ग आला, महाविद्यालयांच्या इमारती आणि बंगले उभे राहिले, घाटातल्या ‘मिसिंग लिंक’ या जोडरस्त्याचे टोकही इथेच आहे. बंगल्यांच्या बागा बुलबुल, शिंपी आणि शिंजीर यांना मानवतात. शिंपी तर कुंडीतल्या रोपाची पाने शिवूनही संसार थाटतो. सुगरणीचे तसे नाही. तिला ओली पाती हवीत, पिल्लांसाठी किडे आणि दाणा हवा, आणि पाण्यावर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी हवी. भातखाचराचे प्लॉट पडले की यातले बरेचसे एकदम जाते.

आता निरीक्षणे मोबाइलवरून ईबर्डसारख्या संकेतस्थळांवर जातात. घरटे बांधणे, चोचीत भक्ष्य नेणे, पिल्ले भरवणे यांसाठी तिथे वेगवेगळ्या खुणा आहेत. फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नये, फांद्या बाजूला करू नयेत, असा जाणत्यांचा आग्रह असतो. आडोसा हलला की कावळा आणि भारद्वाज यांना वाट सापडते. वालवणच्या जलाशयापासून कुसगावच्या खाचरांपर्यंत कोणत्या झाडावर खोपे लागले, त्यांतले किती अर्धे राहिले आणि किती पुरे झाले, हे दुर्बिणीने लांबून मोजता येते. दरवर्षी त्याच झाडांची नोंद ठेवली, तर सुगरणी कुठे टिकल्या आणि कुठून उठल्या ते कळते.