मात्रेची कमान

पनवेल परिसरातील संगीतवर्गांत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला तालांची दुगुण-चौगुण लिहावी लागते, आणि तेव्हा बोलांखाली जी लहानशी कमान काढली जाते, तिच्यावर ते लेखन वाचणाऱ्याची लय अवलंबून असते. ही कमान, म्हणजे अर्धचंद्र, पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीतील चिन्ह असून तिच्या कवेत जितके स्वर वा बोल येतील, ते सर्व मिळून एकच मात्रा भरते.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये हे काम आडवी दांडी करते. अष्टमांश स्वर सुटा लिहिला की त्याच्या उभ्या काडीला शेपटी असते. असे दोन-तीन स्वर शेजारी आले की शेपट्या काढून काड्यांची टोके एका जाड दांडीने जोडतात. कोणत्याही स्वराचे कालमान त्यामुळे बदलत नाही, पण वाचन बदलते: तेच सहा अष्टमांश स्वर तीन-तीन जोडले तर वाचणारा दोन ठोके मोजतो, दोन-दोन जोडले तर तीन. डोळा सुटे स्वर मोजत बसत नाही, तो गट उचलतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी मार्ग वेगळा धरला. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वर आपले कालमान स्वतःच बाळगतो, म्हणजे एका मात्रेसाठी स्वराखाली आडवी रेघ, अर्ध्या मात्रेसाठी शून्य, अशी चिन्हे येतात. एकेका स्वरापुरती ही पद्धत अधिक काटेकोर आहे, यात शंका नाही. मात्र मात्रा कोठे संपली हे वाचणाऱ्याला बेरीज करून ठरवावे लागते, आणि गाता गाता बेरीज करणे सोपे नव्हे. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापलेल्या याच मंडळाच्या अभ्यासक्रमात दोन्ही लिपी असल्या, तरी लिहिताना बहुतेकांचा हात भातखंडे लिपीकडे वळतो, त्याचे एक कारण येथे असावे.

अर्धचंद्र मात्रेच्या आतले गट दाखवतो, तर मात्रांचे गट उभ्या रेघांनी केलेले विभाग दाखवतात. दीपचंदी, धमार आणि आडा चौताल हे तिन्ही ताल १४ मात्रांचे. पण दीपचंदीचे विभाग ३+४+३+४, धमारचे ५+२+३+४ आणि आडा चौतालचे दोन-दोन मात्रांचे सात, म्हणून नुसत्या चौदा या आकड्यावरून चाल कळत नाही. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक याने ‘मायक्रोकॉसमॉस’मधील बल्गेरियन लयीच्या पहिल्या नृत्यात नऊ अष्टमांशांची फोड ४+२+३ अशी तालचिन्हातच लिहिली, त्यामागची गरज हीच होती.

गटांचे महत्त्व तिगुणीत सर्वांत लख्ख दिसते. तीनतालाचे १६ बोल तिगुणीत सव्वापाचहून किंचित अधिक, म्हणजे ५ पूर्णांक एक तृतीयांश मात्रा व्यापतात. त्यामुळे एक आवर्तन तिगुणीत म्हणून समेवर यायचे असेल, तर अकराव्या मात्रेच्या कमानीत दोन अवग्रह आणि एक ‘धा’ (ऽऽधा) लिहून पुढील पाच मात्रांत उरलेले १५ बोल तीन-तीन बसवावे लागतात. कमान नसेल, तर तो पहिला ‘धा’ मात्रेवर आहे की मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, हे कागदावरून सांगता येणार नाही.

गायनात आणखी एक अडचण येते. पाश्चात्त्य गायनलिपीच्या जुन्या प्रथेत प्रत्येक नव्या अक्षराला सुट्या शेपटीचा स्वर देत आणि एकच अक्षर अनेक स्वरांवर गायचे असेल तेव्हाच दांडी जोडत, त्यामुळे शब्द ठळक होत पण ठोके विखुरत; पुढे अनेकांनी गाण्यातही ठोक्यानुसार दांडी जोडणे पसंत केले. भातखंडे लिपीत हा पेच फारसा पडत नाही, कारण स्वरांची आणि शब्दांची ओळ वेगवेगळी असते, आणि शब्दांच्या ओळीतील अवग्रह अक्षर किती लांबले ते सांगत असताना स्वरांखालचा अर्धचंद्र मात्रेची हद्द आखून देतो.