तो गोळी घेत नाही, तरी ठणठणीत कसा?

वस्तीत एचआयव्हीवर बोलायला आम्ही बसलो की एक प्रश्न हमखास येतो. ‘तो अमका दहा वर्षं पॉझिटिव्ह आहे, एक गोळी घेत नाही, तरी हमाली करतो. आमच्या घरचा माणूस मात्र तीन वर्षांत अंथरुणाला खिळला. असं कसं?’ मग कोणी नशीब म्हणतं, कोणी पाप. एखादी आजी म्हणते, ‘त्याचं रक्तच चांगलं.’ आजीच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे.

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी त्याचे बारीक तुकडे आपल्या अंगावर वर काढून दाखवते. ते तुकडे धरणाऱ्या चिमट्यांना एचएलए म्हणतात. पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी तुकडा ओळखतात आणि ती बाधित पेशी मारून टाकतात. हे चिमटे माणसागणिक वेगळे असतात. निम्मे आईकडून येतात, निम्मे बापाकडून. म्हणून सख्ख्या भावंडांतही फरक पडतो. बी-५७ आणि बी-२७ या जातीचे चिमटे विषाणूचा नेमका असा भाग धरतात, जो बदलला तर विषाणू स्वतःच लुळा पडतो. उलट बी-३५ च्या काही प्रकारांत आजार लवकर वाढतो. हे चिमटे रंगावरून, आडनावावरून किंवा अंगकाठीवरून ओळखता येत नाहीत.

दुसरा फरक दाराचा आहे. पेशीत शिरायला विषाणूला बहुधा सीसीआर-५ नावाचं दार लागतं. उत्तर युरोपातल्या शंभरातल्या साधारण एका माणसाला आईबाप दोघांकडून या दाराचं बिघडलेलं जनुक मिळतं. त्याला एचआयव्ही सहसा लागत नाही. भारतात असं जनुक फार दुर्मीळ. बर्लिनमध्ये राहणारे टिमोथी रे ब्राउन यांना एचआयव्हीसोबत रक्ताचा कॅन्सर झाला होता. 2007 मध्ये डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम अशाच दात्याच्या मूळ पेशी दिल्या. पुढे गोळ्या बंद असूनही विषाणू परतला नाही. 2020 मध्ये ते गेले, ते कॅन्सर उलटल्यामुळे. पण हा उपचार जिवावर बेतणारा आहे, कॅन्सर नसलेल्याला कोणी देत नाही.

आता त्या हमालाकडे वळू. औषधाशिवाय विषाणू पूर्ण दाबून ठेवणारी माणसं शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. बाकीच्या ‘ठणठणीत’ लोकांचं शरीर आतून झिजत असतं, कारण उपचार नसला तर एड्सपर्यंत जायला सरासरी आठ-दहा वर्षं लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होऊ शकते. जे खरोखर दाबून ठेवतात, त्यांचाही ताबा कधी कधी सुटतो. त्याच्याकडे बघून आपली गोळी सोडणं हा सगळ्यात महाग पडणारा हिशेब आहे. आम्ही अशी माणसं पाहिली आहेत. सरकारी एआरटी सेंटरमध्ये 2017 पासून सीडी-४ कितीही असो, प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला फुकट गोळ्या देण्याचं धोरण आहे. चिमटा कुठलाही असो, रोज गोळी घेतली की विषाणू दबतो. तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बी-५७ चाच एक प्रकार, ५७:०१, आपल्याकडेही आढळतो. तो विषाणूला आवर घालतो खरा, पण ॲबाकाविर या औषधाशी त्याचं वाकडं आहे. लहान मुलांना हे औषध बरेचदा दिलं जातं. सुरू केल्यावर पहिल्या दीड महिन्यात ताप, पुरळ, उलट्या, पोटदुखी, धाप असं एकदम दोन-तीन गोष्टींनी धरलं तर त्याच दिवशी सेंटर गाठा, रात्र असेल तर सरकारी दवाखान्यात जा, सोबत गोळ्यांची बाटली न्या. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून हे औषध बंद केलं, तर घरात उरलेली गोळी पुन्हा कधीही देऊ नका. दुसऱ्यांदा होणारी ॲलर्जी काही तासांत जीव घेऊ शकते. सेंटरला त्याऐवजी दुसरी गोळी मागा. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल, तर 1097 हा नंबर फुकट लागतो.