खुनाच्या गोष्टी आणि दोन मैत्रिणींच्या गप्पा

रात्रीचीं जेवणें आटोपून वडील मंडळी ओसरीवर बसली, कीं एखाद्या भयंकर प्रकरणाची गोष्ट हलक्या आवाजांत निघे, आणि माजघरांतील मुलें झोपेचें सोंग घेऊन ती शब्दन्‌शब्द ऐकत असत. ज्याची भीति वाटते तेंच पुनःपुन्हां ऐकावेंसें वाटावें, हा मनुष्यस्वभाव कांहीं एका देशाचा नव्हे. अमेरिकेंत मात्र या स्वभावानें गेल्या दहाबारा वर्षांत एक नवी ओसरी मांडली आहे. तिचें नांव पॉडकास्ट.

पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित भाषण किंवा संभाषण. नभोवाणीप्रमाणें त्यासाठीं ठराविक वेळीं यंत्रापाशीं बसावें लागत नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या सवडीनें, भांडीं घासतांना किंवा आगगाडींत बसून, मोबाईलवर तें ऐकावें. या प्रकाराकडे मोठ्या समाजाचें लक्ष वेधलें तें २०१४ सालच्या 'सीरियल' या मालिकेनें. बाल्टिमोर येथें १९९९ सालीं एका शाळकरी मुलीचा खून झाला होता, आणि तिच्या पूर्वीच्या मित्रास त्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली होती. सारा कोनिग या बातमीदार बाईंनीं त्या प्रकरणाची बारा भागांत फेरतपासणी केली, आणि लक्षावधि श्रोते घरबसल्या पंच होऊन बसले.

'सीरियल'चा सूर चौकशीचा होता. जानेवारी २०१६ मध्यें लॉस एंजेलिस येथील दोन स्त्रियांनीं सुरू केलेल्या पॉडकास्टचा सूर निव्वळ गप्पांचा आहे. कॅरन किल्गॅरिफ या विनोदी नटी व लेखिका. जॉर्जिया हार्डस्टार्क यांचा परिचय दूरचित्रवाणीवरील खाण्यापिण्याच्या कार्यक्रमांतून लोकांस झालेला. कार्यक्रमाचें नांव 'माय फेव्हरिट मर्डर', म्हणजे 'माझा आवडता खून'! नांव ऐकूनच सभ्य गृहस्थाच्या कपाळास आठी पडावी. एकीनें एखाद्या खऱ्या खुनाची हकीकत सांगावयाची, दुसरीनें मध्येंच "अग बाई!" म्हणावें तसे उद्गार काढावयाचे, मग गाडी रुळावरून उतरून स्वतःच्या लहानपणावर, मनाच्या आजारांवर, घरच्या मांजरांवर घसरावयाची. प्रारंभीचीं अनेक वर्षें तर भागाचा शेवट हार्डस्टार्कबाईंच्या एल्व्हिस नामक बोक्याच्या ओरडण्यानें होत असे.

या विस्कळितपणांतच कार्यक्रमाचें सर्व बळ आहे. तज्ज्ञाचें व्याख्यान श्रोता गप्प बसून ऐकतो. गप्पांत मात्र त्याला बोलावेंसें वाटतें. हकीकतींत चुका होत, श्रोते त्या कळवीत, आणि दोघी पुढील भागांत त्या चुका हंसत हंसत कबूल करीत. पुढें श्रोत्यांनीं आपापल्या गांवच्या खुनांच्या हकीकती लिहून धाडल्या. त्या पत्रांसाठीं स्वतंत्र छोटे भाग निघाले. शेजारीं राहणारा साधा दिसणारा माणूस खुनी कसा निघाला, किंवा घरांतील कोणी थोडक्यांत कसें बचावलें, अशा धर्तीचीं हीं पत्रें. श्रोत्यांनीं स्वतःस 'मर्डरिनो' असें नांव घेतलें. यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा. 'रुबाबांत राहा, आणि खून होऊं देऊं नका' अशा अर्थाचें कार्यक्रमाचें बोधवाक्य कित्येकींनीं कापडावर रंगीत दोऱ्यानें भरून भिंतीवर टांगलें. जेथें एरवीं देवाचें नांव किंवा 'सुस्वागतम्' असावयाचें, तेथें हें!

हें निव्वळ विकृत कुतूहल म्हणून सोडून देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. इलिनॉय विद्यापीठांतील व्हिकेरी व फ्रेली या संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं खऱ्या गुन्ह्यांचीं पुस्तकें पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक पसंत करतात, आणि बळी कसा निसटला याची युक्ति पुस्तकांत असेल तर अधिकच. म्हणजे ऐकणारी स्वतःच्या बचावाची तालीम करीत असते. 'सभ्यता गेली खड्ड्यांत' अशा अर्थाचा या दोघींचा एक आडदांड उद्गार प्रसिद्ध आहे. अनोळखी माणसास नकार देणें उद्धटपणाचें दिसेल, या संकोचानें मुलींनीं संकटांत पडूं नये, हा त्याचा भावार्थ. भीड भिकेची बहीण असें आपण म्हणतों. येथें ती मृत्यूची बहीण ठरते एवढेंच.

तथापि या तालमींत एक मोठी खोट आहे. गोष्टींत रंगतो तो अनोळखी, एकामागून एक खून करणारा नराधम. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२३ सालीं जगांत सुमारें ८५,००० स्त्रिया व मुलींची हत्या झाली. त्यांपैकीं सुमारें ५१,१०० जणींस पतीनें, प्रियकरानें किंवा कुटुंबांतील माणसानेंच मारलें. अंधाऱ्या रानापेक्षां स्वतःच्याच घराचा उंबरठा अधिक घातक, ही गोष्ट रंगवून सांगण्यास अवघड आहे. शिवाय 'खून होऊं देऊं नका' म्हटलें, कीं जिचा झाला तिनें कांहीं चूक केली असावी, असा ध्वनि न कळत निघतो.

आणि या बैठकींत एका पक्षाला बोलावणेंच नसतें. 'सीरियल' ऐन रंगांत असतांना मृत मुलीच्या भावानें जाहीरपणें लिहिलें होतें, कीं इतरांना जें रहस्य वाटतें तें त्याचें आयुष्य आहे. पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें न्यायालयानें तो दोषनिर्णय रद्द केला. त्या सुनावणीची सूचना कुटुंबास इतकी आयत्या वेळीं मिळाली, कीं भावाला दुरून, पडद्यावरूनच बोलावें लागलें. आपल्यासाठीं हा पॉडकास्ट नव्हे, असेंच त्यानें न्यायाधीशांस सांगितलें. याच अपुऱ्या सूचनेच्या कारणावरून वरिष्ठ न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें दोषनिर्णय पुनः कायम केला, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयानेंही तें मत उचलून धरलें. मार्च २०२५ मध्यें आरोपीची शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी झाली. तो मोकळा आहे; दोषी हा शिक्का तसाच राहिला. श्रोत्यांत मात्र त्याच्याविषयींचे दोन तट अजूनहि आहेत.