कीर्तनाच्या सीड्या आणि त्या वाचणारी यंत्रं

नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत सीडी रुजली ती सिनेमाच्या गाण्यांइतकीच कीर्तनांमुळे. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे इंदुरीकर महाराज, यूट्यूबच्या आधी सीडीवरूनच घरोघरी पोहोचले. कीर्तन दोन तासांचं. व्हीसीडीत चित्रासह मावतो जेमतेम सव्वा तास. त्यामुळे एका कीर्तनाला दोन तबकड्या लागत आणि ऐन रंगात कुणाला तरी उठावं लागे.

त्या तबकड्या आजही कपाटांत आहेत. त्या लावायच्या कशावर, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण जुना आणि नवा प्लेयर एकच तबकडी एकसारखी वाचत नाहीत.

सोनीचा सीडीपी-101 हा प्लेयर 1 ऑक्टोबर 1982 रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्यातली आकड्यांचा आवाज करणारी चिप 16 बिटची. फिलिप्सकडे तेव्हा 14 बिटचीच होती. त्यांनी आवाजाचे नमुने चौपट वेगाने हाताळून ती उणीव भरून काढली. पण त्या काळची खरी मेहनत दिसते ती यांत्रिक भागात. सीडीवरच्या दोन वेढ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन. लेन्स आतून बाहेर सरकते तसा तबकडीचा वेग मिनिटाला सुमारे 500 फेऱ्यांवरून 200 पर्यंत उतरतो आणि लेसरचा ठिपका तेवढ्यात रेषेवरून ढळता कामा नये. म्हणून फिलिप्सच्या सीडीएम-1 यंत्रणेत ओतीव धातूचा सांगाडा आणि काचेची लेन्स होती. फोकस नि ट्रॅकिंग जुळवायला सर्किटच्या पट्टीवर छोटे प्रीसेट, म्हणजे फिरवून लावायचे स्क्रू, असत. स्क्रूड्रायव्हर आणि सरावलेला हात असला की मेकॅनिक ते लावून देई.

नव्या प्लेयरमध्ये तो हात चिपमध्ये गेला. तबकडी आत जाताच चिप परतणारा प्रकाश मोजते आणि फोकस स्वतः जुळवते. कीर्तनाच्या सीड्यांसाठी हा फरक निर्णायक आहे, कारण त्यांतल्या काही घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या असतात. कारखान्यात छापलेली तबकडी 70 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी पाठवते फक्त 15 ते 25 टक्के. अशी तबकडी घातली की जुना प्लेयर बहुधा ‘नो डिस्क’ दाखवून थांबतो. नुसता ऑडिओ वाजवणाऱ्या जुन्या यंत्राला व्हीसीडी आणि एमपीथ्रीही कळत नाहीत. नवं यंत्र एमपीथ्रीच्या एकाच तबकडीवरून साधारण बारा तास वाजवतं, म्हणजे सप्ताहातली सहा कीर्तनं.

आवाजाचं म्हणाल, तर तबकडीवरची माहिती दोघांनाही तीच मिळते. दोन धड प्लेयरांतल्या फरकापेक्षा स्पीकरचा फरक कानाला कितीतरी जास्त जाणवतो, असं माझं ठाम मत आहे.

विजेच्या बाबतीत नवा सरस. त्यातला स्विचिंग सप्लाय बहुधा 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालतो. जुन्याचा जड ट्रान्सफॉर्मर मात्र दाब उतरला की अडखळतो आणि गावाकडे संध्याकाळी दाब उतरतोच. धुळीपुढे दोघेही सारखे. पाथर्डी, जामखेडच्या कोरड्या पट्ट्यात ‘लेन्स गेली’ म्हणून टाकून दिलेल्या यंत्राच्या लेन्सवर कित्येकदा नुसती धूळ असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस हलक्या हाताने फिरवला की यंत्र पुन्हा वाचू लागतं. जुन्याचे चार स्क्रू काढले की लेन्स समोर येते. नव्यात प्लॅस्टिकच्या खाचा तुटतात आणि दुरुस्तीपेक्षा दुसरा आणणं स्वस्त पडतं. हे मला खटकतं. जुन्याचंही सगळं सोपं नाही: सीडीएम-1 चं हेड नव्याने कुणी बनवत नाही.

म्हणून दुकानातून आणलेल्या छापील ऑडिओ सीडीसाठी जुना प्लेयर जपावा; व्हीसीडी, एमपीथ्री आणि घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या तबकड्यांना नवा लावावा. या भरलेल्या तबकड्यांपैकी एकदाच लिहिता येणाऱ्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन-उष्णतेने तो थर विटतो. पत्र्याच्या घरातल्या कपाटात तो लवकर जातो. त्याआधीच त्या तबकड्या संगणकावर उतरवून घ्या. प्लेयरने नाकारलेली तबकडी संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. तो पुष्कळदा ती वाचतो.