नळीत गर्भ राहिला होता. आता पुन्हा दिवस राहतील का?

बाळंतपण, नामकरण यांविषयी आपल्या घराघरांत मोकळेपणाने बोलले जाते. पोटातले गेले की मात्र घर गप्प होते. त्यातही गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला आणि तातडीने ऑपरेशन करावे लागले, तर नेमके काय झाले हेही घरच्यांना कळलेले नसते. डॉक्टर घाईत, सासू-सासरे घाबरलेले, आणि कार्डावरचे इंग्रजी कोणी वाचून सांगत नाही. काही महिने जातात. मग ती भगिनी दोनच प्रश्नांनी पोखरली जाते : आता पुन्हा दिवस राहतील का? आणि राहिले तर पुन्हा तसेच होईल का?

महिला मंडळाच्या बैठकीत आणि विहारातील वर्षावासाच्या कार्यक्रमांत हे प्रश्न आम्ही वारंवार ऐकले आहेत. ते नेहमी हळू आवाजात, बाकीच्या उठून गेल्यावर विचारले जातात. म्हणून आज ते येथे सर्वांसमोर मांडत आहोत.

नेमके काय घडते?

स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांचे मीलन नळीतच होते. तेथून तो अंकुर काही दिवसांत सरकत पिशवीत यायचा असतो. नळी आतून सुजलेली किंवा चिकटलेली असली तर तो वाटेतच अडकतो. नळी बारीक, गर्भ वाढला की ती फुटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. असा गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही. म्हणून तो काढणे हा आईचा जीव वाचवण्याचा उपाय आहे. कोणी बाळ मारलेले नसते. शंभर गर्भधारणांत एक-दोन वेळा असे होते.

पूर्वी झालेला पिशवी-नळ्यांचा जंतुसंसर्ग, पोटाचे किंवा नळीचे आधीचे ऑपरेशन, धूम्रपान ही त्याची कारणे. आपल्या देशात नळीचा क्षयरोग हेही एक मोठे कारण आहे. तांबी बसवलेली असताना किंवा नसबंदीनंतर दिवस राहिले, तरी तो गर्भ नळीत असण्याचा धोका अधिक. आणि कित्येकींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. पाण्याचा हंडा उचलला, पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर पडली, कोणाची नजर लागली, यांपैकी कशानेही गर्भ नळीत अडकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या मानणाऱ्या घरात अंगारा आणि गंडा पुन्हा शिरतो, तो बहुधा अशाच दुःखाच्या दाराने. त्या दारावर पहारा ठेवला पाहिजे.

आशा किती, धोका किती?

भगिनींनो, अशा प्रसंगातून गेलेल्या दहा स्त्रियांपैकी सहा-सात जणींना पुढील दीड-दोन वर्षांत नैसर्गिकरीत्या पुन्हा दिवस राहतात. एक नळी काढली असली तरी दुसरी चांगली असेल तर वाट मोकळी असते. पलीकडच्या बाजूचे स्त्रीबीजही ती कधी कधी उचलून घेते.

धोकाही सांगितला पाहिजे. पुन्हा नळीतच गर्भ राहण्याची शक्यता साधारण दहात एक असते. म्हणजे भीती खोटी नाही, पण दहांपैकी नऊ जणींच्या बाबतीत तसे होत नाही. दोनदा असे घडले असेल तर धोका आणखी वाढतो. तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घाई करू नये. ऑपरेशननंतर निदान दोन पाळ्या नीट येऊ द्याव्यात. मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन दिले असेल तर किमान तीन महिने दिवस राहू देऊ नयेत, कारण ते औषध नव्या गर्भाला घातक ठरते. त्यानंतर डॉक्टरांना विचारून फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात.

तीन महिने लपवू नका

आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत कोणाला सांगायचे नाही, अशी रीत आहे. ज्या बाईचा गर्भ एकदा नळीत राहिला तिच्यासाठी ही रीत जीवघेणी ठरू शकते. पाळी चुकताच लघवीची तपासणी करावी आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. पहिल्याच वाक्यात सांगावे, 'मागच्या खेपेला नळीत गर्भ होता.' सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी केली की गर्भ पिशवीत आहे की नाही, हे बहुधा कळते. स्पष्ट दिसले नाही तर रक्तातील बीटा एचसीजीची तपासणी दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा करतात.

ओटीपोटात एका बाजूला कळ, अंगावरून थोडे थोडे जाणे, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नये. रात्री १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. एका ओळखीच्या ताईंनी 'गॅस झाला असेल' म्हणून रात्र काढली आणि पहाटे त्यांना बेशुद्धावस्थेत न्यावे लागले. त्या वाचल्या, पण रक्ताच्या बाटल्यांसाठी भावांना धावावे लागले.

कागद जपा

आमचा जन्म कारकुनीत गेला, म्हणून हे आग्रहाने सांगतो. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची माहिती, सोनोग्राफीचे कागद एका फाइलीत ठेवा. कोणती नळी काढली आणि दुसरीची स्थिती काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर 'अँटी-डी'चे इंजेक्शन दिले होते का, तेही विचारा. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, याची रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करा. नोकरीतील भगिनींसाठी गर्भधारणेतून आलेल्या आजारपणाच्या रजेची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून चालत आली आहे. साहेबांपुढे संकोच न करता अर्ज द्या.

बंधूंनो, तुमच्यासाठीही

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असून सहा महिने गेले, तर दोघांनीही तपासणी करावी. जंतुसंसर्ग निघाला तर औषध दोघांनी घ्यायचे असते. 'एका नळीची बाई' म्हणून दुसऱ्या लग्नाची भाषा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि पहिली पत्नी असताना दुसरे लग्न हा गुन्हा आहे. दोन्ही नळ्या निकामी असल्या तरी विज्ञान थांबलेले नाही. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब पद्धतीने बालक जन्माला आले. मात्र ही पद्धत खर्चिक आहे, तीत यशाची खात्री नाही आणि नळीत गर्भ राहण्याचा धोकाही संपूर्ण जात नाही. जाहिरात पाहून कर्ज काढू नका.

बाबासाहेब आणि रमाई यांनी चार लेकरे गमावली. ते दुःख त्यांनाही जड गेले. म्हणून रडणाऱ्या सुनेला कोणी दुबळी म्हणू नये. किसा गोतमी मोहरीसाठी दारोदार गेली तेव्हा तिला प्रत्येक घरात कोणीतरी गेलेले आढळले. आज आपल्या वस्तीत विचारले तर पोटातच गेलेल्या बाळाची आठवणही अनेक घरांत निघेल. ती बोलून दाखवली तर नव्या सुनेला कळेल की आपण एकट्या नाही. आणि पुढच्या खेपेला पाळी चुकली की ती भीती मनात दाबून न ठेवता सासूला सांगेल, 'आई, आजच दवाखान्यात जाऊ.' सासूनेही लगेच चपला घालाव्यात.

जयभीम.