नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या मराठीतील दोन प्रयोगांत फरक केवळ वचनाचा आहे, परंतु अर्थाने ते एकमेकांपासून फार दूर आहेत. बारशाला पाळण्यातल्या बाळाच्या कानात जे सांगितले जाते त्याने त्या बाळाला घरादारात स्वतःची अशी जागा मिळते, तर नावे ठेवण्यात समोरच्याचा दोष काढून त्याची जागा कमी केली जाते. जातीवरून, जमातीवरून, भाषेवरून किंवा चेहऱ्याच्या ठेवणीवरून लहान मुलाला चिडवले जाते, तेव्हा या दोन्ही क्रिया एकदमच घडतात. कारण त्याचे पाळण्यातले नाव बाजूला सारून त्याला त्याच्या समूहाच्या नावाने हाक मारली जाते आणि त्या हाकेतच दोषारोप भरलेला असतो. या हाकेने होणारी जखम एवढी खोल का जाते आणि ती भरून यावी म्हणून मोठ्या माणसांनी काय करायचे असते, हे समजून घेणे प्रत्येक पालकाला व शिक्षकाला आवश्यक आहे.

मुले एकमेकांना चिडवतात, रुसतात आणि तासाभराने पुन्हा एकत्र खेळतात, हा अनुभव सार्वत्रिक असल्याने ‘पोरासोरांचे बोलणे’ म्हणून असे प्रसंग सोडून देण्याकडे कल असतो. तथापि, चेष्टा आणि छळ यांतील सीमारेषा अभ्यासकांनी पुरेशी स्पष्ट केली आहे. नॉर्वेमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळेतील छळाची तीन लक्षणे सांगितली: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातील असमतोल. चेष्टेत आज ज्याच्यावर हसले जाते तो उद्या उलट हसवू शकतो. छळात मात्र बाजू बदलत नाहीत. जातिवाचक किंवा वंशवाचक टोमण्यात बळाचा हा असमतोल मुलांनी स्वतः निर्माण केलेला नसतो, तर तो समाजात आधीपासून तयार असतो, त्या शब्दाची पुनरावृत्तीही तेथे आधीच झालेली असते, आणि म्हणूनच एकाच शब्दाने, एकाच वेळी, पूर्ण छळ घडू शकतो.

‘जाड्या’, ‘ढापण्या’, ‘बोबड्या’ अशा नावांनीही मुले दुखावली जातात आणि त्या दुःखाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ही नावे त्या एका मुलापुरती असतात, आणि चष्मा किंवा बोबडे बोल कालांतराने सुटण्याची शक्यता तरी असते. समूहवाचक शिवीत मुलाबरोबर त्याचे आईवडील, आजीआजोबा, त्यांचा धंदा, त्यांच्या घरातले अन्न आणि त्यांची बोली हे सारे एकदम ओढले जाते. त्या मुलाने कितीही अभ्यास केला, कितीही स्वच्छ गणवेश घातला, तरी ज्या गोष्टीवरून त्याला हिणवले गेले ती बदलणे त्याच्या हाती नसते. शिवाय जी माणसे त्याला सर्वांत जवळची, त्यांचीच त्याला लाज वाटावी अशी ती शिवी असते. आपल्याच घराची लाज वाटणे आणि ती वाटली म्हणून पुन्हा अपराधी वाटणे, असा हा दुहेरी भार वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी पेलायचा असतो.

मुलांच्या तोंडी येणारे हे शब्द त्यांनी घडवलेले नसतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ‘भामटा’ हा शब्द आज मराठीत ठक किंवा लबाड या अर्थी सहज वापरला जातो, पण महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या शासकीय यादीत भामटा हे एका जातीचेही नाव आहे. ‘विमुक्त’ या संज्ञेचा अर्थ कायद्याने लादलेल्या कलंकातून मोकळे झालेले असा होतो. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले; १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती आणखी वाढली. या जमातींच्या लोकांची नोंदणी होई, त्यांना ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे, आणि अनेकांना कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले जाई. सोलापुरात अशी एक मोठी वसाहत होती आणि ‘सेटलमेंट’ हा शब्द तेथील बोलण्यात आजही टिकून आहे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायद्याच्या पुस्तकातून कलंक पुसला गेला, पण वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की पारध्याच्या मुलाचे दप्तर आधी तपासण्याची रीत त्या पुस्तकावर अवलंबून नव्हती.

सर्वच हिणवणारे शब्द कायद्यातून आले असे मात्र नाही. काही तर अगदी निरुपद्रवी अर्थाचे होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून पोट भरण्यासाठी मुंबईत उतरलेला तो ‘घाटी’, एवढाच त्या शब्दाचा भौगोलिक अर्थ. परंतु मुंबईत तो अडाणी, गावंढळ या अर्थाने मराठी माणसालाच लावला गेला आणि गोव्यातही घाटापलीकडून आलेल्या कष्टकऱ्यांना याच नावाने तुच्छ लेखले जाते. हिंदीत ‘भैया’ म्हणजे भाऊ; त्याच मुंबईत उत्तर भारतातून आलेल्या दूधवाल्याच्या किंवा टॅक्सीचालकाच्या मुलाला तो शब्द शिवीसारखा ऐकावा लागतो. ‘घाटी’ या शब्दाची बोच ज्या घराने सोसली त्याच घरात ‘भैया’ हा शब्द निर्धास्तपणे उच्चारला जावा, ही गोष्ट मराठी भाषकांनी स्वतःशी प्रामाणिकपणे पडताळून पाहण्यासारखी आहे. ईशान्य भारतातील मुलांना इतर राज्यांत ‘चिंकी’ म्हणून हिणवले जाते. अरुणाचल प्रदेशातील निडो तानियाम या तरुण विद्यार्थ्याला जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीतील एका बाजारपेठेत त्याच्या दिसण्यावरून खिजवले गेले, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू ओढवला. त्यानंतर केंद्र सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली. बाजारपेठेत उच्चारलेला तो टोमणा कोठल्यातरी घरात किंवा शाळेच्या बाकावर आधी शिकला गेलेला असतो.

अशा शब्दांचा परिणाम मनापुरता राहत नाही. नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींना संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला देऊन काही वेळाने इतर खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे होतील अशी योजना केली. आपल्याला खेळातून वगळले जात आहे हे जाणवताच, शारीरिक वेदनेच्या क्लेशाशी ज्याचा संबंध जोडला जातो असा मेंदूचा एक भाग अधिक क्रियाशील झाल्याचे दिसले. या निष्कर्षाच्या नेमक्या अर्थावर पुढे तज्ज्ञांत चर्चा झाली असली, तरी ‘शब्दांनी काय होते’ हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही एवढे निश्चित. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या प्रकल्पातील ७,७७१ जणांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात वयाच्या सातव्या व अकराव्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये मध्यमवयातही नैराश्य व चिंता यांचे प्रमाण अधिक आढळले. ‘मोठा झाला की विसरेल’ हे आश्वासन त्यामुळे फारसे टिकत नाही.

भारतीय परिस्थितीशी सर्वांत थेट नाते असलेला पुरावा उत्तर प्रदेशातील खेड्यांमधून आला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीतील ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलग्यांना कागदावरील चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी सोडवायला दिली व सुटलेल्या कोड्यांनुसार पैसे देऊ केले. मुलांची जात उघड केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. परंतु खेळापूर्वी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि त्यापाठोपाठ जात सर्वांसमोर वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घटली. येथे कोणी शिवी दिली नव्हती, कोणी हसलेही नव्हते. केवळ जातीचा पुकारा एवढे करू शकत असेल, तर तो पुकारा खिदळण्यासह रोज मधल्या सुटीत ऐकणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातील गुण नेमके कशाचे मोजमाप करतात, असा प्रश्न उभा राहतो.

मराठी साहित्याने या जखमेची नोंद फार धैर्याने केली आहे. १९८० ते १९९४ या काळातील काही आत्मकथनांची शीर्षके एकत्र ठेवली तरी ते ध्यानात येते: लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’. यांतील बहुतेक शब्द लोकांनी हिणवण्यासाठी वापरलेले होते. ‘अक्करमाशी’ हा शब्द सोनाराच्या तराजूतून आला आहे: बारा मासे म्हणजे एक तोळा, तेव्हा अकरा माशांचा तो एका माशाने कमी, अर्थात विवाहबाह्य संबंधातून जन्मलेले, तोळाभर न भरणारे मूल. ज्या जन्माची निवड मुलाने केली नाही त्या जन्माचे वजन करून त्याला उणे ठरवणारा हा शब्द लेखकाने मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाशेजारी छापला आणि तो शब्द वापरणाऱ्या समाजालाच वाचायला लावला. हे सामर्थ्य थोर आहे. मात्र प्रत्येक दुखावलेल्या मुलाने पुढे लेखक होऊन हिशेब चुकता करावा, अशी अपेक्षा समाजाला धरता येणार नाही.

बहुतेक मुले गप्प राहतात. घरी सांगावे तर जो शब्द आपल्याला लागला तोच आईवडिलांनाही लागणार, हे मूल पुरते ओळखून असते. शाळेत सांगावे तर तो शब्द पुन्हा सर्वांसमोर उच्चारावा लागणार. त्यामुळे पोट दुखते, शाळा नकोशी होते, डबा कोपऱ्यात तोंड फिरवून खाल्ला जातो, आडनाव विचारले की पुटपुटले जाते, आणि हीच चिन्हे मोठ्यांनी वाचायची असतात. कित्येकदा शाळेची व्यवस्थाच शिवी न देता अपमान घडवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बालपणाविषयी लिहिले आहे की, साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा-आणावा लागे, आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे. आज गोणपाट राहिलेले नाही. तरीही शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी वर्गात प्रवर्गाचे नाव घेऊन मुलांना उभे करणे हे त्याच जातीचे कृत्य आहे. ती माहिती कार्यालयात किंवा पालकांकडून शांतपणे घेता येते.

कायद्याने काही आधार दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा नमूद झाला. परंतु विमुक्त जातींपैकी अनेक जाती महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांबाहेर असल्याने त्यांना हे कवच लाभत नाही. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो मुलांच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण शाळेत पत्ता सांगताना जात सांगण्याची वेळ त्याने टळते. तरीही दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडचा शब्द पोलीस ठाण्यात सुधारत नाही. तो वर्गातच सुधारावा लागतो.

त्यासाठीचा मार्ग बघ्यांमधून जातो. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर प्रत्यक्ष निरीक्षण करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बरोबरीचे एखादे मूल मध्ये पडले तर निम्म्याहून अधिक प्रसंगांत छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधील ‘किवा’ हा शालेय कार्यक्रमही याच सूत्रावर उभा असून, त्यात भोवती उभ्या असलेल्या मुलांना तयार करण्यावर भर असतो. शिक्षकाने तो शब्द कानावर पडताच तेथल्या तेथे थांबवावा, ‘हा शब्द या वर्गात चालणार नाही’ असे शांत पण ठाम शब्दांत सांगावे, दुखावलेल्या मुलाला सर्वांसमोर साक्ष द्यायला न लावता नंतर एकट्याने भेटावे, आणि चिडवणाऱ्यालाही तो शब्द कोठून आला व त्याने काय झाले हे समजावून द्यावे. कारण तेही मूलच असते आणि त्याने तो शब्द बहुधा एखाद्या मोठ्या माणसाकडूनच उचललेला असतो. ‘लक्ष देऊ नकोस’ एवढेच सांगितले की दुखावलेले मूल त्यातून एकच अर्थ घेते: मोठ्यांना हे मान्य आहे.

गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या मुलांनी आपल्या आईवडिलांचे नाव हजेरीत पुकारले जाताना ऐकले होते आणि त्या पुकाऱ्याचा अर्थ संशय असा होता. शाळेत सकाळी घेतली जाते तीही हजेरीच. शिक्षक पटावरचे एकेक नाव मान वर करून, नीट उच्चारून घेतात, तेव्हा प्रत्येक मुलाला त्याचे पाळण्यातले नाव सगळ्या वर्गासमोर परत मिळत असते. मधल्या सुटीत ते कोणी हिरावून घेणार नाही याची काळजी घेणे, हा त्याच हजेरीचा उरलेला भाग आहे.